आज चंद्र रोहिणीपाशी होता
संध्याकाळी गच्चीवर गेले आणि थबकलेच. कोवळ्या चंद्रकोरीला खेटून रोहिणीचा तांबूस, नारिंगी ठिपका.

पुराणकथेत दक्ष प्रजापतीने आपल्या २७ मुली, म्हणजे २७ नक्षत्रं, चंद्राला दिल्या, पण त्याचा जीव एकट्या रोहिणीवर. बाकीच्यांनी वडिलांकडे गाऱ्हाणं नेलं, दक्षाने क्षयाचा शाप दिला. शंकराने तो सौम्य केला, म्हणून चंद्र झिजतो आणि पुन्हा भरतो. (मला त्या २६ जणींचं फार वाईट वाटतं.) ज्योतिषातही ही ओढ आहेच: चंद्र वृषभ राशीत उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान, रोहिणी वृषभेतच, आणि तिचा स्वामीही चंद्र!

तिचा आज दिसलेला प्रकाश साधारण ६५ वर्षांपूर्वी निघालेला. आई यंदा ६५ची. तिला हाताला धरून वर आणलं. कोर मावळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.