आमची वाटचाल : लेड-ॲसिडपासून जुन्या लिथियम पॅकपर्यंत

जळगावात आमचं काम सुरू झालं ते इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) बघायची, टर्मिनल घासायचे. ई-रिक्षा लिथियमवर आल्या आणि कामाचं स्वरूपच पालटलं. आता येतात ते बहुतेक 16 सेलचे, 51.2 व्होल्टचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक. तक्रारही ठरलेली : "भाऊ, चार्जर फुल दाखवतो, पण गाडी दुपारीच बसते."

होतं असं की एखादा सेल आधीच 3.65 व्होल्टला पोचतो, बीएमएस (पॅकमधलं सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतो आणि बाकीचे 3.40 वरच राहतात. बीएमएसचा स्वतःचा बॅलन्स करंट, म्हणजे सेल एका पातळीवर आणणारा करंट, बऱ्याचदा 50 मिलिअँपिअरच्या आसपास असतो. सेलमध्ये 5 एएचचा (अँपिअर-तासांचा) फरक असेल तर तो भरून निघायला 100 तास हवेत, तेही पॅक वरच्या टोकाला असताना. रोज धंद्यावर असलेल्या रिक्षाला एवढी सवड कुठली?

आम्ही आधी बसबार, म्हणजे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बघतो. सैल नट किंवा गंजलेला वॉशर असला की लोडवर चांगला सेलही कमजोर दिसतो. मग प्रत्येक सेल फुल करून 20 अँपिअरने 2.5 व्होल्टपर्यंत उतरवतो. चार तास चालला तर 80 एएच. नुसत्या व्होल्टेजवर एलएफपीचा निवाडा करू नये, 3.2 ते 3.3 च्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ काहीच सांगत नाही.

बॅलन्सिंगसाठी पॅक एकत्रच चार्ज करतो. पहिला सेल 3.65 ला टेकला की बीएमएसचा सेन्स कनेक्टर (प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या तारांचा) काढून पॅक सोडवतो आणि सगळे सेल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडतो. पॉवर सप्लाय जोडण्याआधीच मल्टिमीटर लावून 3.65 वर ठेवायचा. करंट कमी वाटतो म्हणून व्होल्टेज वाढवायचं नाही, सेल फुगतात ते इथेच. 20 अँपिअरवरून करंट 3-4 वर उतरला की काम झालं. पान्ह्याला टेप गुंडाळलेली हवी आणि बोटात अंगठी नको.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगतो : बॅलन्सिंगने गेलेली कपॅसिटी परत येत नाही. 90 एएचच्या सेलांत एक 70 चा असेल तर पॅक 70 चाच राहणार. तो सेल बदलताना नवा कोरा घालण्यापेक्षा 90 च्या जवळचा जुना शोधतो. फुगलेला किंवा 2 व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल आम्ही परत वापरत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

खानदेशचा मे महिना 45 अंशांचा. गाडी उन्हातून आल्याबरोबर चार्जरला लावू नका. सावलीत तासभर निवू द्या, मग चार्ज करा.