पाय लावण्याआधी

शनिवारी वर्ग साडेनऊला सुरू होतो, पण मी आठलाच खोली उघडते. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, प्लागविट्झ भागात, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ही खोली मी भाड्याने घेतली आहे. हिवाळ्यात लाकडी जमीन गारठलेली असते आणि थाय मसाज जमिनीवर गादी घालूनच करतात, त्यामुळे खोली तापायला दीड तास हवाच. चार गाद्या अंथरायच्या, वर धुतलेल्या चादरी घालायच्या, गुडघ्यांखाली ठेवायचे छोटे लोड काढायचे, कोपऱ्यात आल्याचा काढा उकळत ठेवायचा. विद्यार्थी आठ. एकानं झोपायचं, एकानं शिकायचं, मग अदलाबदल. नववा मी घेत नाही. का, ते पुढे सांगते.

नागपूरला गेले की प्रत्येक घरात विचारतात, "म्हणजे नेमकं काय शिकवतेस तू?" मालिश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेलाची वाटी येते. इथे तेल नसतं. समोरचा माणूस सैल सुती कपड्यांत गादीवर पडलेला असतो आणि देणारा तळहातांनी, अंगठ्यांनी, कोपरांनी, गुडघ्यांनी, पायांनी दाबत जातो. मधे मधे सांधे वळवतो, ताण देतो. सगळं नीट केलं तर दोन तास लागतात. थाय भाषेत याला 'नुआत थाय' म्हणतात आणि डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. पण जुनी थाय माणसं साध्या बोलण्यात 'चाप सेन' म्हणतात. चाप म्हणजे धरणं आणि सेन म्हणजे शरीरातल्या वाहत्या रेषा. 'शीर धरणं' म्हणणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या सेन मुख्य दहा मानतात. पहिल्या तिघींची नावं ऐकली तेव्हा माझी वही तशीच उघडी राहिली होती : इथा, पिंगखला, सुमना. इडा, पिंगळा, सुषुम्ना! आपल्याकडे कीर्तनात, अभंगात कानांवरून गेलेले शब्द तिकडे एका बाईच्या अंगठ्याखाली काम करत होते.

उत्तर थायलंडमधल्या चियांग मायला मी पहिल्यांदा गेले ते २०१५ च्या नोव्हेंबरात. नवऱ्याच्या संशोधनामुळे आम्ही लाइपझिगला येऊन दोन वर्षं झाली होती. बँकेतली नोकरी मी नागपूरला सोडून आले होते आणि इथे पुन्हा आकड्यांत शिरायचं नाही एवढंच पक्कं होतं. तीन महिने शिकायचं ठरवून निघाले. आईचा फोन आला, "मालिश शिकाले इतक्या दूर चालली का तू?" तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

वर्गाच्या पहिल्या सकाळी सगळे हात जोडून बसलो. आमच्या शिक्षिका साठीच्या. त्यांना सगळे 'ख्रू' म्हणत. ख्रू म्हणजे गुरू, तोच शब्द तिकडच्या जिभेवर. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या, "नमो तत्स फाखवतो अरहतो..." मी त्यांच्या बरोबरीने म्हणू लागले. माझं "नमो तस्स भगवतो" आणि त्यांचं "फाखवतो" एकाच वेळी चाललं होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला आजीच्या मांडीला मांडी लावून मी हे म्हटलेलं. विहारातली सोनेरी मूर्तीसुद्धा थायलंडहून आलेली आहे. नागपूरपासून दोन हजार किलोमीटर दूर माझं पाठांतर कुणीतरी माझ्याआधी सुरू करेल, हे मनातही नव्हतं.

वंदनेनंतर जीवकाला नमन होतं. राजगृहाचा वैद्य, बिंबिसार राजाचा आणि बुद्धांचाही. तक्षशिलेत सात वर्षं शिकल्यावर आचार्यांनी त्याला सांगितलं, एका योजनाच्या परिसरात फिर आणि जिचा औषध म्हणून काहीच उपयोग नाही अशी वनस्पती घेऊन ये. तो हात हलवत परत आला, आणि आचार्य म्हणाले, तुझं शिक्षण पूर्ण झालं. ही गोष्ट आजीनं सांगितलेली, ख्रूंनीही सांगितली. पाली विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या बौद्ध ग्रंथात, जीवक औषधं देतो, डोक्याची शस्त्रक्रियाही करतो. मसाजचा जनक हे मात्र थाय परंपरेनं त्याला दिलेलं स्थान आहे. मी वर्गात दोन्ही गोष्टी सांगते. आदर ठेवायला अर्धवट माहिती लागत नाही.

आणि मग तो दिवस आला, मांडीवर पाय ठेवून दाब द्यायचा.

माझ्या जोडीला एक वयस्क थाय गृहस्थ होते. मी त्यांच्या मांडीवर पाऊल ठेवलं आणि त्याच क्षणी काढून घेतलं. खाली वाकून, त्यांना हात लावून तो हात कपाळाला लावला. आपल्याला पाय लागला की जसं करतो तसंच. ठरवून केलं नव्हतं. ख्रू हसल्या नाहीत. थाय लोकांतही पाय हा शरीराचा सर्वांत खालचा भाग मानतात आणि डोकं सर्वांत पवित्र. झोपलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसायचं नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच आपण आधी हात जोडतो. परवानगी घेतली की पाऊलही हात होतं.

हे वाक्य मी नुसतं ऐकलं नाही. माझे आबा उमरेडकडच्या एका खेड्यातले. लहानपणी दुकानदार त्यांच्या ओंजळीत मीठ वरून टाकायचा, पैसे उंबऱ्यावर ठेवायला लावायचा. त्यांच्या सावलीचाही विटाळ मानणारी माणसं होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दीक्षाभूमीवर होते. तेव्हा एकवीस वर्षांचे असतील. मला खांद्यावर घेऊन तो दिवस सांगायचे. त्यांची नात आज अनोळखी माणसांच्या पाठीवर हात ठेवायला शिकवते आणि तिच्यासमोर सर्जन, नर्स, निवृत्त ट्रामचालक एका ओळीत गुडघे टेकून बसतात. मी हे वर्गात दरवेळी सांगत नाही. पण पहिल्याच तासाला जेव्हा मी म्हणते की कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी विचारा, आणि "नाही" आलं तर तेवढ्याच आदराने मागे या, तेव्हा माझ्या मनात आबांची ओंजळ असते. स्पर्श नाकारण्याचा अधिकार आणि स्पर्श मिळण्याचा अधिकार, दोन्ही मला सारखेच मोलाचे वाटतात.

आता नववा विद्यार्थी का नाही, ते. नवे विद्यार्थी हमखास विचारतात, "जोर किती लावायचा?" खरं तर जोर लावायचाच नसतो. कोपर सरळ ठेवून, कमरेतून पुढे झुकून आपलं वजन हळूहळू सोडायचं, समोरच्याच्या उच्छ्वासाबरोबर. हे वाचून कळतं, करताना कळत नाही. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकजण खांद्यांनी ढकलतो आणि अंगठा सांध्यात मोडतो. असा अंगठा घेऊन काम केलं तर वर्षभरात तो सांधा कुरकुरायला लागतो. दुरुस्त करण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवते आणि आम्ही दोघी मिळून झुकतो. ख्रूंनी माझ्यावर असाच हात ठेवला होता, "चा चा" म्हणत. चा म्हणजे हळू. आठ जणांपर्यंत दिवसभरात प्रत्येकाच्या हातावर चार-पाच वेळा हात ठेवता येतो. बारा झाले की कुणीतरी चुकीचं घेऊन घरी जातो आणि ते चुकीचं त्याच्या बोटांत कायमचं बसतं. एका ओळखीच्या जाणकाराने मला हिशेब करून दाखवला होता की सोळा जण घेतले आणि एक सहायक ठेवला तर उत्पन्न दुप्पट. हिशेब बरोबर होता. मी नाही म्हटलं.

काही गोष्टी शिकवत नाही, हेही उघड सांगते. जुन्या पद्धतीत जांघेतली धमनी थोडा वेळ दाबून धरतात आणि सोडतात. त्याला 'वाऱ्याचं दार उघडणं' म्हणतात. सोडल्यावर पायात ऊब पसरते, अनुभव विलक्षण असतो. पण पायात रक्ताची गुठळी असलेला माणूस समोर असेल आणि त्यालाच ते माहीत नसेल, तर? दोन दिवसांच्या वर्गात हे शिकवणं मला मान्य नाही. ताप, ठिसूळ हाडं, सुजलेल्या शिरा, पायाला एकाएकी आलेली सूज आणि दुखणं, यांची चौकशी माझे विद्यार्थी सुरुवातीलाच करतात. शंका आली तर मसाज नाही, डॉक्टर.

कायदाही इथे बारीक आहे. जर्मनीत १९३९ चा एक कायदा अजून लागू आहे. त्यानुसार रोग बरा करण्याचं काम डॉक्टर किंवा परवाना घेतलेला 'हाइलप्राक्टिकर' (डॉक्टर नसलेला उपचारक) यांनीच करायचं. म्हणून माझ्या पत्रकावर 'उपचार' हा शब्द कुठेच नाही. सुरुवातीला मला ते तोडकं वाटायचं; आता वाटतं, बरंच आहे, नसलेलं वचन देणं टळतं. धंद्याची नोंदणी नगरपालिकेच्या कचेरीत एका सकाळी झाली. करकचेरीचे फॉर्म मात्र समजायला महिना लागला. लहान व्यावसायिकांना ग्राहकांकडून विक्रीकर घ्यावा लागत नाही आणि २०२५ पासून त्यासाठी आदल्या वर्षीच्या उलाढालीची मर्यादा २५,००० युरो आहे. माझी शाळा या मर्यादेच्या आत बसते. भाडं, विमा, धुलाई जाऊन जे उरतं त्यात घर चालत नाही. घराला हातभार लागतो. परदेशात आपली शाळा काढायचं मनात असलेल्यांना हे आधीच कळलेलं बरं.

एक सल मात्र आहे. शहरात थाय बायकांची मसाजची दुकानं आहेत. कित्येकींनी दारावर 'इथे कामुक सेवा मिळत नाही' अशी पाटी लावली आहे, कारण लावावीच लागते. माझ्या फोनवरही तसले आवाज येतात. सुरुवातीला मी थरथरत फोन ठेवायचे. आता शांतपणे सांगते की ही शाळा आहे, आणि तो नंबर ब्लॉक करून टाकते. एका कलेचं नाव घेतलं की काहींच्या मनात हेच येतं, याचं मला खोल दुःख आहे. ज्या बायका दिवसाचे दहा तास गुडघ्यांवर बसून हे काम करतात, त्यांच्या अंगठ्यांत माझ्यापेक्षा जास्त विद्या आहे.

म्हणूनच, मी भारतीय बाई थाय विद्या जर्मनीत कोणत्या हक्काने शिकवते, हा प्रश्न मी टाळत नाही. थायलंडमध्ये मसाज हा व्यवसाय थाय नागरिकांसाठीच राखीव आहे. परदेशी माणूस शिकू शकतो, काम करू शकत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. वर्षातून एक आठवडा ख्रूंना मी लाइपझिगला बोलावते. तो वर्ग त्यांचा, फीसुद्धा त्यांची. मी चादरी बदलते आणि भाषांतर करते. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना चियांग मायलाच पाठवते, फक्त फेब्रुवारी ते एप्रिल टाळा म्हणते, कारण तेव्हा शेतं आणि जंगलं जळतात, डोई सुथेपचा डोंगर धुरात दिसेनासा होतो. आणि बँकॉकला थांबा, वाट फो मंदिराच्या भिंती पाहा. तिसरा राम या थाय राजाच्या काळात, १८३० च्या दशकात, मानवी आकृत्यांवर दाबाचे बिंदू कोरलेल्या शिळा तिथे बसवल्या, कुणीही येऊन वाचावं म्हणून. आवारात ऋषींचे आसनं करणारे पुतळेही आहेत. त्यांना तिथे 'रुसी' म्हणतात.

गेल्या दिवाळीत नागपूरला होते. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. लहानपणी आबा पालथे पडून म्हणायचे, "चल बेटा, पाठीवर चाल." आम्ही भावंडं भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर चालायचो. बाळंतपणात शेजारची मावशी आईला रगडून, ओवा-बाळंतशेपाची धुरी देऊन जायची. थायलंडमध्येही बाळंतीण शेकोटीजवळ निजते, त्याला 'यू फाय' म्हणतात. म्हणजे आमच्या घरात हे सगळं होतंच. आईला मात्र माझा मसाज कधी घ्यायचा नव्हता.

त्या रात्री तिला खाली सतरंजीवर झोपवलं. हात जोडले, विचारलं, "करू का?" तिनं मान हलवली. तळपायापासून सुरुवात केली, पोटरी, गुडघ्याच्या कडेने. मांडीवर पाऊल ठेवलं तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "पाय लावून राहिली का मले?" मी थांबले. "विचारलं ना मी," म्हटलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिचा श्वास लांबला, तोंड किंचित उघडलं. एकच पाय झाला होता. ख्रूंच्या वर्गात एक बाजू करून दुसरी सोडायची नसते, म्हणून मी हळूच पलीकडे सरकले आणि तिला ओलांडून न जाता, पायांकडून वळसा घालून, दुसऱ्या पायाशी जाऊन बसले.