मेल्यावरची वेठबिगारी

पिरॅमिड पाहिले, उंटवाल्याशी भांडण झालं, क्रूझवरच्या जेवणाबद्दल न बोललेलंच बरं.

कैरोत गाइडने आम्हाला पपायरसच्या दुकानात पाऊण तास बसवलं आणि तहरीर चौकातल्या म्युझियमला जेमतेम दीड तास दिला. ग्रुप सोन्याकडे धावला. मी आणि आत्या एका काचेच्या कपाटापाशी अडकलो. आत वीतभर उंचीचे निळे बाहुले, एकमेकांना खेटून उभे. उशब्ती: प्राचीन इजिप्तमध्ये मेलेल्यासोबत थडग्यात ठेवायचे ते.

या शब्दाचा एक अर्थ ‘उत्तर देणारा’ असा लावतात. मला आपला ‘ओ देणारा’च आठवला. कारण कामच ते. परलोकातही शेतं होती आणि तिथे वेठबिगारी चुकत नसे: नांगरट, पाटाचं पाणी, वाळूची वाहतूक. मेलेल्याचं नाव पुकारलं की बाहुल्याने ‘मी आहे’ म्हणून पुढे व्हायचं. तसा मंत्रच त्याच्या अंगावर, छातीखालून पायापर्यंत, ओळींनी लिहिलेला. दोन्ही हातांत कुदळी. मी वाकून मान तिरकी केली तेव्हा एकाच्या पाठीवरची बियाण्याची पिशवी दिसली. जाळीची वीण बारीक काळ्या रेघांनी काढलेली, तीही काचेकडे तोंड करून ठेवल्यावर कुणाला दिसणार नाही अशा जागी!

तुतानखामुनच्या थडग्यात असे ४१३ निघाले. वर्षाच्या दिवसांइतके ३६५ मजूर, दहा-दहांच्या टोळीवर एकेक असे ३६ मुकादम आणि वर महिन्याला एक असे १२. राजा मेला तरी हजेरीपट सुटला नाही.

आत्याला हे सांगितलं. तिचं अर्धं आयुष्य भाताच्या लावणीत गेलंय. ती म्हणाली, “म्हणजे मेल्यावर पण चिखलात? मग सुटका कधी गं?” मग जरा थांबून, “माझ्यासाठी चार घेऊन ठेव.”

तेवढ्यात गाइडचं ‘यल्ला, यल्ला’ सुरू झालं. आम्ही मुद्दाम ओ दिली नाही. बसमध्ये बोलणी खाल्ली.

संध्याकाळी खान अल-खलिलीच्या बाजारात आत्यासाठी एक घेतला. चारांची किंमत ऐकूनच मी मागे फिरले होते. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, अगदी अस्सल. हॉटेलवर आत्याने चष्मा लावून उलटा करून पाहिला. पाठ कोरी.

“ह्याच्याकडे बियाणं कुठाय?” म्हणाली, आणि तरीही रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.