तुम्ही विचारलंत म्हणून : इटलीतले कम्युनिस्ट गेले कुठे?

मी बोलोन्यात राहते म्हटलं की एक प्रश्न ठरलेला असतो. ज्यांच्या घरात कधीकाळी लाल बावटा होता, ते तर हमखासच विचारतात : "तुमच्याकडे एवढे कम्युनिस्ट होते, ते गेले कुठे? आता काही वजन उरलंय का त्यांचं?" फोनवर हे उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मतांपुरतं उत्तर सोपं आहे. 1976 साली इटालियन कम्युनिस्ट पक्षाला 34.4 टक्के मतं होती. पश्चिम युरोपात दुसऱ्या कुठल्याही कम्युनिस्ट पक्षाची एवढी ताकद नव्हती. 2008 मध्ये उरलेसुरले कम्युनिस्ट, हरित पक्ष आणि इतर डावे यांनी मोट बांधली, तरी गाडी 3.1 टक्क्यांवर अडली आणि कम्युनिस्ट नावाचा एकही पक्ष संसदेत उरला नाही. विळा-हातोड्याची निशाणी लावणारे लहान पक्ष अजून आहेत, पण राष्ट्रीय राजकारणात त्यांना कुणी मोजत नाही.

पण या पक्षाचं वजन मतांत मोजून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. 1947 च्या मे महिन्यात त्याचे मंत्री सरकारबाहेर गेले, ते पुन्हा कधीच आत आले नाहीत. सत्ता नसताना या पक्षाने देशावर जो ठसा उमटवला, तो सत्तेत राहिलेल्या अनेकांना जमला नाही. संविधानाचंच घ्या. "इटली हे श्रमावर उभं असलेलं लोकशाही प्रजासत्ताक आहे," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याखाली संविधान सभेचे अध्यक्ष म्हणून सही आहे उम्बेर्तो तेर्राचीनी यांची. 1921 साली लिव्होर्नोत पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. मुसोलिनीच्या राजवटीत सतरा वर्षं तुरुंगात आणि नजरकैदेत काढलेला हा माणूस.

किंवा 1978 साल घ्या. त्या मे महिन्यात ख्रिश्चन डेमोक्रॅट या सत्ताधारी पक्षाचे नेते आणि माजी पंतप्रधान आल्दो मोरोंचा खून झाला. ख्रिश्चन डेमोक्रॅट्सचं अल्पमतातलं सरकार कम्युनिस्टांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं. त्याच वर्षी मनोरुग्णांना कोंडून ठेवणारी इस्पितळं बंद करणारा कायदा झाला आणि डिसेंबरात सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा आली. आरोग्यमंत्री तीना आन्सेल्मी ख्रिश्चन डेमोक्रॅट होत्या, श्रेय त्यांचंही आहेच. पण कम्युनिस्टांच्या मतांशिवाय हे झालं नसतं. आज मला पैसे न मोजता फॅमिली डॉक्टर मिळतो, तो त्या वर्षामुळे.

खरी मुळं मात्र खाली, गावात आणि वॉर्डात होती. आमच्या एमिलिया-रोमान्यात लोकांनी त्यांना आपलं मानलं ते युद्धामुळे. सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 च्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच रावेन्ना भागात आर्रिगो बोल्द्रीनी या कम्युनिस्टाची 28 वी गारिबाल्दी ब्रिगेड, म्हणजे पार्टिझानांची (फॅसिस्टांविरुद्ध शस्त्र उचललेल्या स्थानिक लोकांची) तुकडी, जर्मनांशी लढत होती. बोलोन्याच्या मुख्य चौकात, पालिकेच्या भिंतीवर, मारल्या गेलेल्या अशा स्त्री-पुरुषांचे छोटे छोटे फोटो ओळीने लावलेले आहेत. कुणी सूट घातलेला, कुणी शाळकरी वयाचा. त्या चेहऱ्यांपुढे उभं राहिलं की पुढची पन्नास वर्षं या शहराने कुणाला मतं का दिली, ते समजावून सांगावं लागत नाही.

रेज्जो एमिलियाजवळचं व्हिल्ला चेल्ला हे गाव मला फार जवळचं वाटतं. 1945 च्या वसंतात जर्मन सैन्य पळालं, तेव्हा मागे एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे राहिले. ते विकून आलेल्या पैशाचं काय करायचं, यावर गावात चर्चा झाली आणि ठरलं की लहान मुलांसाठी शाळा बांधायची. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा लोकांनी गोळा केल्या, वाळू नदीतून आणली. ही बातमी ऐकून लोरीस मालागुत्सी नावाचा एक तरुण शिक्षक सायकल मारत तिथे पोचला आणि जन्मभर त्या कामाचा झाला. पुढे 1963 पासून कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या पालिकेने स्वतःच्या बालशाळा सुरू केल्या. आज आपल्याकडच्या महागड्या शाळा 'रेज्जो एमिलिया पद्धत' अशी जाहिरात करतात, त्या पद्धतीचा उगम हा असा आहे. बोलोन्यातही तेच. 1945 ते 1966 ज्युसेप्पे दोत्सा महापौर होते. पाळणाघरं, स्वस्त घरं, बससेवा यांवर लाल पालिकांनी आपलं नाव कमावलं.

काळी बाजू लपवायची नाही. 1956 मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले तेव्हा तोल्यात्तींच्या नेतृत्वाखालच्या या पक्षाने मॉस्कोची बाजू घेतली. तो निर्णय मला आजही अक्षम्य वाटतो. नंतर पक्षप्रमुख झालेल्या एन्रिको बर्लिंग्वेरनी हळूहळू ती नाळ तोडली. नाटोच्या छत्राखाली आपल्याला जास्त सुरक्षित वाटतं, असं ते 1976 साली उघड बोलले. 1984 च्या जूनमध्ये पादुआत भाषण करतानाच त्यांना मेंदूचा झटका आला, त्यातच ते गेले. अंत्यदर्शनाला नवफॅसिस्टांचा नेता जोर्जो आल्मिरान्ते एकटा आला आणि रांगेत उभा राहिला. त्यानंतर काही दिवसांतच युरोपीय निवडणुकीत पक्ष आयुष्यात एकदाच देशात पहिला आला.

मग गेले कुठे? बर्लिनची भिंत पडल्यावर तीन दिवसांनी, 12 नोव्हेंबर 1989 ला, तेव्हाचे पक्षप्रमुख आकिले ओकेत्तोंनी बोलोन्याच्या बोलोन्यीना वस्तीत जुन्या पार्टिझानांसमोर बोलताना नाव बदलण्याची वाट मोकळी केली. 1991 मध्ये रिमिनीत पक्ष विसर्जित झाला. बहुसंख्य नव्या डाव्या पक्षात गेले, जो पुढे 2007 मध्ये डेमोक्रॅटिक पार्टीत मिसळला. ज्यांना नाव सोडवेना त्यांनी रिफोंदाझिओने कोमुनिस्ता हा वेगळा पक्ष काढला. याच रिफोंदाझिओनेने 1998 मध्ये पाठिंबा काढला आणि पंतप्रधान रोमानो प्रोदींचं सरकार एका मताने पडलं. त्यातून मास्सिमो दालेमा पंतप्रधान झाले, तर 2006 मध्ये जोर्जो नापोलितानो राष्ट्राध्यक्ष झाले. दोघेही जुने कम्युनिस्ट.

म्हणजे पदं मिळाली ती नाव सोडल्यावर. पण वॉर्डातलं पक्षाचं कार्यालय, रविवारी दारोदार 'लुनिता' हे पक्षाचं वृत्तपत्र विकणारा कार्यकर्ता, पेन्शनच्या कागदांसाठी हक्काने गाठायचा शेजारी, हे सगळं त्याच काळात विरत गेलं. माझ्या मते ऱ्हासाचं मूळ इथे आहे. विचारसरणी आटली हे कारण मला पुरेसं वाटत नाही. मिलानजवळच्या सेस्तो सान जोव्हान्नीला लोक इटलीचं स्टालिनग्राड म्हणायचे, तिथे 2017 मध्ये उजव्यांचा महापौर आला. उन्हाळ्यात आमच्याकडे त्या वृत्तपत्राच्या नावाचा मेळा, फेस्ता दे लुनिता, अजून भरतो. तंबूतल्या लांब टेबलांवर म्हाताऱ्या बायका तोर्तेल्लीनी (सारण भरलेला पास्ता) वळत बसलेल्या असतात, एकही पैसा न घेता. त्यांच्या शेजारी तिशीतलं कुणी बसलेलं क्वचित दिसतं.

वारसदार इथे अजून जिंकतात, पण 2014 च्या प्रादेशिक निवडणुकीत एमिलिया-रोमान्यात मतदान झालं अवघं 37.7 टक्के. मतदान चुकवणं जिथे लाजिरवाणं समजलं जायचं, तो हा प्रदेश. 2024 मध्येही निम्मे लोक घरीच राहिले. त्यामुळे "परत येतील का?" असं कुणी विचारलं तर मी सांगते : विळा-हातोडा परत येईल असं मला वाटत नाही. एली श्लाइन यांच्या डेमोक्रॅटिक पार्टीला हे घरी बसलेले लोक परत हवे असतील, तर वॉर्डातली ती कार्यालयं पुन्हा उघडावी लागतील, आणि निवडणूक नसतानाही संध्याकाळी तिथे कुणीतरी बसावं लागेल.