पांढरं धोतर करडं का येतं?

फोटोग्राफीचा नऊ रविवारांचा कोर्स संपून महिना झाला. अपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) हे तिन्ही आता हाताला कळायला लागलंय. चालत्या माणसासाठी शटर २५०च्या, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या, खाली नेत नाही. मॅन्युअल मोडची (हे तिन्ही आपणच ठरवायचे) भीती दुसऱ्याच आठवड्यात गेली. पण एका प्रश्नावर मी तीन रविवार अडकून पडले होते आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ होता पालख्यांचा. माउलींची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी दुपारपासून मी फर्ग्युसन रस्त्यावर उभी होते. पावसाची चिन्हं होती म्हणून कॅमेऱ्याला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळली होती (कोपरा कापून लेन्स बाहेर काढायची, रबरबँड लावायचं, महागडं कव्हर घेऊ नका). चारशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर दिंडीतली सगळी धोतरं, टोप्या, सदरे करडे. धुवायला टाकायच्या कपड्यांसारखे. आणि टोपीखालचे चेहरे काळेठिक्कर. ज्या म्हाताऱ्या बाबांच्या डोळ्यांसाठी मी गुडघ्यावर बसले होते, त्यांचे डोळेच दिसेनात.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर, त्याचा काटा प्रत्येक वेळी शून्यावर, म्हणजे ‘उजेड बरोबर’वर, होता. शिकवलं होतं तसंच. मग चुकलं कुठे?

रविवारी वर्गात प्रिंट दाखवली. सरांनी मागे लाल पेनने ‘अंडर’ (उजेड कमी पडला) एवढंच लिहिलं आणि पुढच्याची प्रिंट उचलली. मी विचारलं, काटा शून्यावर असताना अंडर कसं? म्हणाले, ‘हात बसला की कळेल.’ पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. तेव्हा वर्ग पोर्ट्रेटच्या प्रकाशयोजनेवर गेला होता, ‘मागचं मागे’ म्हणून विषय संपला. तिसऱ्या रविवारी मी लॅपटॉपच घेऊन गेले, तर ‘सॉफ्टवेअरमध्ये उजळून घ्या’ असं उत्तर मिळालं. घरी उजळले. धोतर पांढरं झालं, पण काळ्या पडलेल्या चेहऱ्यांवर रंगीत वाळू सांडल्यासारखे ठिपके उमटले. साडेआठ हजार फी भरून शिकायला आलेल्या माणसाला ‘का’ विचारल्यावर दोन वाक्यांचं उत्तर मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. वारी वर्षातून एकदा येते. ते बाबा मला पुन्हा भेटतील कशावरून?

सहाव्या आठवड्यात आम्हाला जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात नेलं. तिथला गोल नंदीमंडप, मागे लेण्याचे खांब, सगळं काळ्या बेसॉल्टमधलं. मी काटा शून्यावर ठेवून फोटो काढला आणि दगड फिकट, करडा आला. पाऊस पडून गेल्यामुळे तो दगड डोळ्यांना चांगला काळाभोर दिसत होता! पांढरं करडं, काळंही करडं. मी ते मोठ्याने म्हटलं असावं, कारण वर्गातले एक काका जवळ आले. त्यांनी रोलच्या जमान्यात पंचवीस वर्षं लग्नांचे फोटो काढले होते, आता डिजिटल शिकायला आले होते. म्हणाले, ‘ताई, मीटरला पांढरंही कळत नाही आणि काळंही. समोर येईल त्याला तो मधलं करडं समजतो.’

एवढंच होतं ते. मीटर धरून चालतो तो मधला करडा साधारण अठरा टक्के प्रकाश परत पाठवतो. समोर सगळं पांढरंच असलं की मीटरला वाटतं प्रकाश फार झाला, आणि त्याच्या सांगण्यावर चाललं की फोटो कमी उजळतो. काळ्याचं उलट. म्हणून पांढऱ्याला काटा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट) अधिककडे न्यायचा, काळ्याला उणेकडे. काकांनी त्यांची जुनी युक्तीही दाखवली. फोटो जिथे काढायचा त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, फ्रेमभर घेऊन मीटर बघायचं आणि त्याहून एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा. नवरीचा शालू आणि नवरदेवाची पांढरी टोपी एकाच फोटोत ते असेच सांभाळत.

तिथेच उणे एक करून पुन्हा फोटो घेतला. नंदीमंडपाचा दगड काळा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

अपर्चर प्रायॉरिटीवर (अपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) असाल तर अधिक-उण्याचं बटण वेगळं असतं. काम झालं की ते शून्यावर आणा, नाहीतर पुढचे सगळे फोटो बिघडतात. पांढऱ्याला उजेड वाढवताना हायलाइट लुकलुकायची सोय (जास्त उजेडाने जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) चालू ठेवा, कारण पूर्ण जळालेलं पांढरं परत आणता येत नाही. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, पहिल्या दिवसापासून रॉ मध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती फाइलमध्ये राहते. मी वारीचे सगळे फोटो जेपेगमध्ये (त्यात बरीच माहिती गाळली जाते) काढले होते. रॉ असते तर बाबांचा चेहरा थोडा तरी वाचला असता.

तो फोटो मी पुसलेला नाही. मागचं लाल ‘अंडर’ तसंच आहे, त्याखाली मी पेन्सिलीने ‘अधिक दीड’ लिहिलंय. पुढच्या वर्षी फर्ग्युसन रस्त्यावर त्याच झाडाखाली उभी राहणार आहे, दुपारी बारापासून.