सुळेभावीला निघालो, सुळग्याला पोहोचलो

आमच्या नाशिकच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या माझं नाव 'एनआरआय' आहे. ग्रुपमध्ये खरोखर परदेशात असलेला एक जण आहे, ॲमस्टरडॅमला, पण त्याला कुणी एनआरआय म्हणत नाही. तो दर दिवाळीला घरी येतो. मी मागच्या दिवाळीला गेलो नाही, कारण आमच्या बेळगावच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ऐन धनत्रयोदशीला फर्नेसचं अस्तर बदलायला निघालं. तेव्हापासून 'परदेशात हवा कशी आहे', 'व्हिसा मिळाला का' हे सुरू आहे. नाशिक ते बेळगाव साडेपाचशे किलोमीटर. त्यांच्या लेखी सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की माणूस सातासमुद्रापार.

एकदा संध्याकाळी गॅलरीत उभा राहून याच विनोदावर फोनवर मोठमोठ्यानं हसत होतो. खाली अंगणात घरमालकीण मावशी मिरच्या निवडत होत्या. फोन ठेवला तसा खालून आवाज आला.

"काय सांगायलाय ओ फोनवर? परदेश?"

मी सारवासारव केली. त्या काही रागावल्या नव्हत्या, पण सोडणाऱ्यातल्याही नव्हत्या. मिरचीची देठं मोडत त्यांनी हिशेब मांडला. त्यांचे सासरे जन्मले तेव्हा बेळगावातलं हे शहापूर सांगली संस्थानात होतं. थोरली बहीण जन्मली ती मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढच्याच वर्षी मावशी जन्मल्या. १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, मुलं त्यानंतरची. "चार पिढ्या कुठं हललो नाही आम्ही. माझं माहेर पलीकडच्या गल्लीत. परदेशी कोण, तुम्ही का आम्ही?" आणि मग लगेच, "मी चहा ठेवलो, येताय काय खाली?"

ठेवलो. ठेवला नाही, ठेवलो. इथं पहिले दोन महिने मला याचीच गंमत वाटायची. 'मी काम केलो', 'मी त्याला सांगितलो', आणि बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो'. नाशिकला फोन करून मी नकला करून दाखवायचो. मग एकदा कारखान्यात एका मोल्डरला, म्हणजे साचे करणाऱ्याला, म्हणालो, "अरे, तो पॅटर्न तू ठेवलास का?" तर तो शेजारच्याकडे बघून हसला. दुपारी डबा खाताना कळलं की माझ्याही नकला होतात. मी म्हणे बातम्या दिल्यासारखा बोलतो.

कामाचं थोडं सांगतो, कारण आई अजून विचारते की तू तिथं नक्की करतोस काय. बेळगावात उद्यमबाग म्हणून मोठी औद्योगिक वसाहत आहे, तिथं आणि आसपास ओतकामाचे पुष्कळ कारखाने. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा मोडायचा, आतला नग बाहेर काढायचा. मी तो नग बघून 'चांगला' किंवा 'रिजेक्ट' म्हणतो. म्हणजे दिवसभर लोकांच्या मेहनतीला नावं ठेवायचा पगार घेतो. नाशिकलाही हेच करत होतो, पण नाशिकला हा पाऊस नव्हता.

इथला पाऊस म्हणजे काय ते लिहून कळणार नाही. जूनमध्ये सुरू होतो आणि जुलैत तो पाऊस उरतच नाही, नुसती ओल होते. टॉवेल वाळत नाहीत, मीठ सुटं होत नाही, माझ्या हार्मोनियमच्या दोन पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात. आणि वाळू ओलावा धरते. साच्याच्या वाळूत तीनचार टक्के पाणी लागतंच, त्याशिवाय ती बसत नाही. पण ते जरा वाढलं की चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड आत पडताक्षणी पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. वरून नग गुळगुळीत, सुरेख. पुढे मशिनिंगला लावला की आतून भोकं निघतात. ब्लो होल. हा शब्द आमच्याकडे कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत सारखाच आहे, शिवी दिल्याच्या सुरात.

तर पहिल्या जुलैची गोष्ट. सकाळी सँड प्लांटवरचा, म्हणजे साच्याची वाळू तयार करतात तिथला, गोकाककडचा एक वयस्कर गडी मला म्हणाला, "सर, उसुक हसी ऐत्री." आणि माझ्याकडे बघत राहिला. मला त्यातलं फक्त 'हसी' कळलं. वाटलं, सकाळी सकाळी साहेबाचा चेहरा पडलेला दिसला म्हणून हसा म्हणतोय बिचारा. मी छान हसलो. तोही गोंधळून हसला आणि गेला. उसुक म्हणजे वाळू आणि हसी म्हणजे ओली, हे मला तीन दिवसांनी कळलं. तोवर त्या पाळीचे बेचाळीस नग भंगारात गेले होते. बेचाळीस नगांचा अहवाल इंग्रजीत लिहायला मला दीड तास लागला. 'कारण' या रकान्यात मी पाऊस लिहिला.

त्या संध्याकाळी ठरवलं की कन्नड शिकायचं. क्लास वगैरे नाही. घरी येताना सिटी बसमागे स्कूटर अडकतेच, तर बसच्या पाठीवरची अक्षरं लावत बसायचं. पहिला शब्द लागायला आठवडा गेला. 'वायव्य'. सरकारी बसवर वायव्य कर्नाटक सारिगे असं लिहिलेलं असतं. सारिगे म्हणजे वाहतूक. पण सिग्नलला उभा राहून 'वा... य... व्य...' असं जुळलं तेव्हा जो आनंद झाला तो थेट बालवाडीतला. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला असा आनंद सहसा मिळत नाही. ग गोल घोड्याच्या नालेसारखा. आपली शिरोरेषा असते तसं त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावर एक चिन्ह असतं, त्याला 'तलेकट्टु' म्हणतात. तले म्हणजे डोकं, कट्टु म्हणजे बांधणं, एकूण फेटाच. हा फेटा एकदा ओळखता आला की त्याखालचा चेहरा सापडतो. मात्रांचा मात्र मी कंटाळा केला. म्हटलं, होतील हळूहळू.

मात्रांनीच घात केला.

इथून जवळच सुळेभावी नावाचं गाव आहे. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, ८ एप्रिल १९२४ चा. हार्मोनियम वाजवणाऱ्या कुणालाही, माझ्याइतकी वाईट वाजवत असला तरी, एकदा जावंसं वाटेल असं ठिकाण. कानडी घरातला मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला जातो, देवासला राहतो, कबीर गातो. मला तिथं काही बघायचं नव्हतं, नुसतं जाऊन यायचं होतं. एका रविवारी सकाळी बस स्टँडवर गेलो. आजूबाजूच्या दहांपैकी आठ माणसं मराठी बोलत होती, कुणालाही विचारलं असतं तर हात धरून बसवलं असतं. पण मला पाटी वाचायची होती. एका बसवर 'सु' दिसला, पुढे 'ळ' दिसला. ळ ओळखू आला याचाच इतका अभिमान वाटला की पुढचं वाचलंच नाही. चढलो, खिडकी मिळाली, कंडक्टरला ऐटीत म्हणालो, "लास्ट स्टॉप." त्यानं तिकीट दिलं.

कॅम्प गेला. सकाळचं ऊन समोरून यायला हवं होतं ते पाठीत लागायला लागलं. तरी वाटलं, वळत असेल रस्ता. मग हिंडलगा आलं. हे नाव आपल्याकडच्या लोकांना तुरुंगामुळे माहीत असतं, आणि मी मनातल्या मनात त्यावर एक विनोदही तयार करत होतो, ग्रुपवर टाकायला. शेजारी बसलेले आजोबा खिडकीबाहेर बघून टोपी जराशी सारखी करून म्हणाले, "हुतात्मा स्मारक आहे इथं." १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबार झाला, त्यात गेलेल्यांचं. "आमच्या शेजारच्या गावातला पण एक पोरगा," ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. माझ्या खिशात वही होती, तिच्यात मी कन्नड बाराखडी लिहून ठेवली होती. ती वही काढायची नाही एवढंच तेव्हा सुचलं. जरा वेळानं कंडक्टर आला, त्याच आजोबांशी तो कन्नडमधून भाताच्या लावणीबद्दल बोलू लागला आणि आजोबा त्याला फडाफडा कन्नडमधून उत्तरं देऊ लागले. मग दोघंही एका वाक्याच्या मध्येच मराठीत आले. का आले, कुठल्या शब्दाला आले, काही कळलं नाही.

शेवटचा स्टॉप सुळगा होता. 'सु' आणि 'ळ' बरोबरच वाचले होते मी. ळ वरचा ए तेवढा माझ्या कल्पनेतला.

चहाच्या टपरीवर विचारलं तर तो म्हणाला, "सुळेभावी? ते उलट्या बाजूला की ओ. काय काम होतं?" मी कुमार गंधर्वांचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, कपात चहा ओतला आणि म्हणाला, "गाणं ऐकायचं तर मोबाईलवर ऐकायचं की." चहा चांगला होता. टपरीच्या मागे लावणीचं हिरवं भात आणि त्यावर इतका बारीक पाऊस, की छत्री उघडायची लाज वाटावी. तासभर बसलो. परतीची बस तीच होती, कंडक्टरही तोच. त्यानं काही विचारलं नाही, ही त्याची मेहरबानी.

बायको ऑगस्टमध्ये आली तेव्हा तिला घेऊन गोकाकचा धबधबा बघायला गेलो, अर्थात विचारून. घटप्रभेचं तांबडं पाणी १७० फुटांवरून कोसळताना बघितलं, भिजलो, भजी खाल्ली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते बसमधलं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमधून प्रवास फुकट आहे, पण पत्ता इथला हवा. अख्ख्या बसमधल्या बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळत गेलं आणि हिच्या आधार कार्डावर नाशिक बघून कंडक्टरनं पूर्ण भाडं मागितलं. आमच्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण ते तिकडे. म्हणजे दोन्ही सरकारं मेहरबान असताना नेमकी हिलाच दमडीची सूट नाही. शेजारची म्हातारी कळवळून म्हणाली, "आधार इल्लेनव्वा?" आधार नाही का गं बाई? हिला कन्नडचा गंध नाही, पण 'आधार' कळला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आहे की. हा काय बसलाय." म्हातारीला मराठी कितपत कळलं देव जाणे, पण गोकाक येईपर्यंत ती मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होती.

परत जाताना हिच्या बॅगेत चार किलो कुंदा होता, बेळगावची खव्याची मिठाई. मी नाशिकला जातो तेव्हाही कपडे पिशवीत आणि कुंदा सुटकेसमध्ये असतो. परदेशातून आलेल्या माणसानं चॉकलेटं आणायची असतात ना, तसं.

आता गेल्या आठवड्यातलं. रात्री घरी आलो तर फाटकावर एक कागद चिकटवलेला, वरून पावसानं निम्मा भिजलेला, सगळा कन्नडमध्ये. मावशी चष्मा लावून त्याच्यासमोर उभ्या. मला वाटलं वाचतायत.

"मला कुठलं वाचता येतंय ओ. मी मराठी शाळेतली," त्या म्हणाल्या. वर्षभर मी बघत होतो, भाजीवालीशी, गवळ्याशी, वायरमनशी या बाई माझ्या मराठीपेक्षा जलद कन्नड बोलतात. बोलायला शिकवावं नाही लागलं, गल्लीत आलंच, म्हणाल्या. अक्षर तेवढं राहून गेलं. एरवी कागद मुलगा वाचतो, तो पुण्याला.

मी मोबाईलचा टॉर्च लावला. बोटानं एकेक अक्षर धरत, मात्रांवर थांबत वाचायला लागलो. मला अर्थ लागत नव्हता, नुसता आवाज निघत होता.

"मं... ग... ळ... वा... र."

"मंगळवार. हे कळलं. पुढं?"

"नी... रु."

"पाणी."

"स... र... ब... रा... जु."

"सरबराजु म्हणजे सोडणं पाण्याचं. पुढं, पुढं."

पुढचा शब्द लांबलचक होता आणि शेवटची दोन अक्षरं पावसानं फुगली होती. "इ... रु... वु... दि..." एवढं वाचून मी अडकलो.

"इरुवुदिल्ल," त्या म्हणाल्या. "नाही म्हणे पाणी मंगळवारी. उद्याच की ओ मंगळवार!" आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या आत वळल्या. "उभे काय राहिलाय, वरची पिंपं रिकामी आहेत तुमची. आताच भरून घ्या, मी मोटर सुरू केलो."