पुरोहित नाही, अध्यक्ष नाही. मग कार्य कोण करतं?

निपाणी, चिकोडी, बेळगाव, कुठंही पाहुणी म्हणून गेले की हे विचारलं जातंच: ‘तुमच्या मंडळींत अध्यक्ष नाही, स्वामी नाहीत, भटजी नाहीत. मग लग्न कोण लावतं? आणि माणूस गेलं की पुढचं कोण बघतं?’ खरी काळजी दुसऱ्या प्रश्नात असते. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहिते.

आमची मंडळी म्हणजे सीमाभागातली मराठी-कन्नड माणसं, घरोघरी जमून काय बरं, काय वाईट यावर बोलणारी. आधी आमचं हे बसणं. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं. ज्यांचं घर, त्यांनी त्या दिवसाचा प्रश्न मांडायचा. मतासाठी कुणी पैसे ठेवून गेला तर काय करायचं? बहिणीची सही घेऊन ‘तिनंच जमिनीतला हिस्सा सोडला’ म्हणणं कितपत खरं? मराठी माणूस मराठीत बोलतो, कन्नड माणूस कन्नडात. अडलं तर शेजारचा सांगतो. ठराव नाही, मतदान नाही. एकच नियम: दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते असं सांगायचं की तो म्हणेल, ‘होय, मी हेच म्हणालो.’ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेचा विषय निघाला की या नियमाचा कस लागतो. सीमाप्रश्नावर माझं मत पक्कं आहे, तरी समोर बसलेल्या कन्नड अक्कांचं दुखणं आधी माझ्या तोंडून नीट यावं लागतं. या बसण्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

बारशाला फारसं काही लागत नाही. नाव आईबाबा ठेवतात, आजी पाळणा म्हणते, झालं.

लग्नाची वाट आपल्याकडं जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच डिसेंबरात पुरोहिताशिवाय लग्न लागलं. त्यांच्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचं मागणं मांडते. आमच्यातही दोघं आपापली वचनं लिहून आणतात. नोंदणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं होते. ३० दिवसांची नोटीस लागते. मुलगी निपाणीची आणि मुलगा कागलचा असेल तर नोटिशीची प्रत पलीकडच्या राज्यातल्या कचेरीतही लावली जाते. लग्न कोणत्या पद्धतीनं करायचं ते कायदा वधूवरांवर सोडतो. मात्र अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, दोघांना कळेल अशा भाषेत, एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं म्हणावं लागतं.

कार्य चालवायला वधूवर कुणालाही सांगतात, त्या दिवसापुरतं. पुढच्या लग्नाला तोच माणूस नको, हे आम्ही कटाक्षानं पाळतो. छान बोलणाऱ्याला सगळीकडून बोलावणं येतं आणि काही वर्षांत तोच आमचा भटजी होऊन बसतो. मग नुसतं नाव बदललं, एवढंच. एखाद्या लाजऱ्या काकांनी अडखळत कार्य चालवलं तरी मला ते जास्त आवडतं.

आता मयताचं. इथं अध्यक्ष नसल्यानं काही अडत नाही, पण कामं आधी वाटलेली नसली तर सगळंच अडतं. म्हणून ज्या घरात आजारी किंवा थकलेलं माणूस आहे, तिथं आधीच जाऊन बोलून ठेवतो. नेत्रदान करायचं असेल तर डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तेव्हा रडणाऱ्या घरात नंबर शोधत बसायला वेळ नसतो. एकानं नेत्रपेढीला फोन करायचा. दुसऱ्यानं पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी द्यायची. तिसऱ्यानं डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला आणायचा. देहदान करायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाशी कुणी बोलायचं तेही ठरलेलं असतं. जवळच्या नातलगांची संमती नसेल तर तो विषय तिथंच थांबतो, गेलेल्या माणसानं कितीही सांगून ठेवलेलं असलं तरी.

दहन की दफन, ते त्या घरानं ठरवायचं. लेकीसुनांना खांदा द्यायचा असेल तर त्या देतात. शेजारचे कडू घास आणतात ती चाल आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे. असं जेवण दारात आलं की घर सावरतं, हे मी पाहिलंय.

पुढं सोयीच्या दिवशी सगळे बसतात. ज्यांना त्या माणसाबद्दल सांगायचं असेल ते सांगतात. नुसते गुणच गायला हवेत असं नाही. ‘तात्या हिशेबाला फार कडक होते, आमच्या बाबांना त्याचा त्रास झाला’ असंही कुणी बोलतं, आणि घरचे ते ऐकून घेतात.

सासूबाईंना दहाव्याला कावळ्याला घास ठेवायचा असेल तर आम्ही अडवत नाही. त्यांच्या दुःखाशी वाद घालणारे आम्ही कोण? पण कर्ज काढून गावजेवण घालायची गोष्ट निघाली की आमच्यातलं कुणीतरी थोरल्या मुलाला बाजूला घेतं आणि तो ऐकेपर्यंत त्याच्याशी बोलत राहतं.